विळ्यापासून नायलॉनच्या दोरीपर्यंत

पावसाळा सरत आला कीं कोंकणांतील आंबा-काजूच्या बागांतून एक चिरका, कर्कश आवाज सकाळपासून ऐकूं येऊं लागतो. कलमांच्या भोंवतीं कमरेएवढें माजलेलें गवत कापणाऱ्या पेट्रोलच्या यंत्राचा तो आवाज होय. इंग्लंडांत या यंत्रास स्ट्रिमर म्हणतात; कोंकणांत 'ग्रास कटर' एवढ्यावर सर्वांचें भागतें. लांब दांडा, त्याच्या एका टोकास लहानसें एंजिन, दुसऱ्या टोकास गरगर फिरणारी नायलॉनची दोरी अथवा पोलादी पातें, आणि सारा भार पट्ट्यानें खांद्यावर, इतकी त्याची साधी रचना आहे. परंतु तें विकत घेण्यास निघालेला बागाईतदार दुकानांत शिरला म्हणजे त्याच्यापुढें प्रश्नांची रांग उभी राहते. दोरी घ्यावी कीं पातें? एंजिन टू-स्ट्रोक असावें कीं फोर-स्ट्रोक? खांद्यावरचें यंत्र बरें कीं पाठीवरचें? हे प्रश्न दुकानदारानें उकरून काढलेले नाहींत. यांतील प्रत्येकाच्या मुळाशीं कोणाची तरी जुनी अडचण, बहुधा कोणाचें तरी जुनें दुखणें आहे. आणि त्यांचा माग काढीत गेल्यास मनुष्य बागेंत न पोंचतां इंग्लंडांतील लोंकरीच्या कापडाच्या गिरणींत जाऊन पोंचतो.

अठराव्या शतकांत इंग्लंडांतील श्रीमंतांच्या वाड्यांभोंवतीं हिरवळीचीं विस्तीर्ण पटांगणें तयार झालीं. तीं राखण्याचे मार्ग दोनच होते. एक मेंढ्या, आणि दुसरा, दोन्ही हातांनीं धरून कमरेच्या झोंकानें फिरवावयाचा लांब दांड्याचा विळा. गवत दंवानें ओलें असतांनाच त्या विळ्यास नीट लागे, म्हणून माळ्यांच्या टोळ्या पहाटेस उठून पटांगणावर उतरत. ओळीनें चालत, एका तालांत विळे फिरवीत ते पुढें सरकत. मागून बायकामुलें कापलेलें गवत झाडून गोळा करीत. या कामांत कसब मोठें होतें. पातें जमिनीशीं समांतर राहिलें नाहीं तर हिरवळीवर अर्धचंद्राकार ओरखडे उठत, आणि ते धन्याला खिडकींतून स्पष्ट दिसत. चांगला विळेवाला मिळणें कठीण होतें आणि मिळाला तरी त्याची मजुरी जबर असे. म्हणूनच बारीक कातरलेली हिरवळ ही त्या काळीं निव्वळ शोभेची गोष्ट नसून संपत्तीची जाहिरातच होती.

ही स्थिति पालटविणारा मनुष्य माळीही नव्हता आणि बागेचा धनीही नव्हता. ग्लॉस्टरशायर परगण्यांत स्ट्राउड गांवाजवळ थ्रप म्हणून एक खेडें आहे. तेथील एडविन बिअर्ड बडिंग हा यंत्रें जुळविणारा कारागीर होता. स्ट्राउडचें खोरें लोंकरीच्या कापडासाठीं, विशेषतः इंग्रजी फौजेच्या तांबड्या डगल्यांच्या कापडासाठीं, प्रसिद्ध होतें. हें कापड विणून झाल्यावर त्यावरची लव उभी करून ती एकसारखी कातरावी लागे. पूर्वीं तें काम हातानें होई. पुढें त्यासाठीं एक यंत्र निघालें. मळसूत्राप्रमाणें पीळ दिलेलीं पातीं बसविलेला एक लाटणीसारखा दंड, त्याच्या खालीं एक स्थिर पातें, आणि या दोहोंच्या कैचींत सांपडून लव कातरली जाणें, अशी त्याची बनावट होती. बडिंगच्या मनांत आलें कीं कापडाची लव जर अशी कातरतां येते, तर जमिनीची कां येऊं नये?

कापड कातरण्याच्या यंत्रांचा यापूर्वींचा इतिहास रक्तानें माखलेला होता, हें येथें विसरतां येत नाहीं. यॉर्कशायरमधील कातरकाम करणाऱ्या कारागिरांनीं, आपल्या जड कात्र्यांची जागा यंत्र घेणार असें पाहून, १८१२ च्या एप्रिलांत विल्यम कार्टराइट याच्या रॉफोल्ड्स येथील गिरणीवर रात्रीं हल्ला केला. तेथील यंत्रें बडिंगनें पाहिलेल्या यंत्राहून निराळ्या जातीचीं होतीं. पण पोटावर पाय येण्याचें दुःख तेंच होतें. हल्ला फसला. १८१३ च्या जानेवारींत यॉर्क येथें या एकंदर दंग्यांबद्दल १७ जणांस फांशी देण्यांत आलें. हिरवळीवर मुलें खेळतात तेव्हां तिच्या पाठीमागें ही हकीकत आहे असें कोणाच्या ध्यानींमनींही येत नाहीं.

बडिंगपाशीं युक्ति होती, भांडवल नव्हतें. थ्रप येथेंच फिनिक्स नांवाचा लोखंडी ओतकामाचा कारखाना चालविणाऱ्या जॉन फेराबी यानें खर्च सोसण्याचें कबूल केलें आणि त्याच्या मोबदल्यांत यंत्र बनविण्याचे, विकण्याचे व इतरांस परवाना देण्याचे हक्क आपल्याकडे घेतले. या पेटंटावर ३१ ऑगस्ट १८३० ही तारीख आहे. यंत्र १९ इंच रुंदीचें होतें. मागच्या जड लाटणीच्या फिरण्यानें दांतेरी चक्रें फिरत, तीं पात्यांच्या दंडास गति देत, आणि कापलेलें गवत पुढच्या पेटींत उडून पडे. एकानें मागून ढकलावें आणि जड गेल्यास दुसऱ्यानें पुढून ओढावें, अशी सोय होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं वेड्यांत काढूं नये म्हणून बडिंग या यंत्राची परीक्षा रात्रीं घेत असे, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, ती नव्या यंत्राच्या प्रत्येक जनकास शोभण्यासारखी आहे.

या पेटंटाच्या मजकुरांत एक मार्मिक शिफारस आहे. खेड्यांत राहणाऱ्या सद्गृहस्थांनीं हें यंत्र स्वतः चालविल्यास त्यांस करमणूक, उपयोग आणि व्यायाम असा तिहेरी लाभ होईल, अशा आशयाचें तें वाक्य आहे. प्रत्यक्षांत हें ओतीव लोखंडाचें धूड ढकलण्याचें काम पहिल्यापासून पगारी माळ्यांच्याच वांट्यास आलें. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयाच्या बागेनें हें यंत्र लवकरच घेतलें. १८३२ पासून इप्सविचच्या रॅन्सम कंपनीनें परवाना घेऊन त्याचें उत्पादन सुरू केलें. यंत्राची जाहिरात ज्यास उद्देशून केली तो मनुष्य एक, आणि यंत्र ज्याच्या हातीं पडलें तो दुसराच, हा प्रकार येथून जो सुरू झाला तो आजपर्यंत अखंड चालत आला आहे. बडिंग स्वतः पुढें डर्सली गांवीं गेला आणि १८४६ सालीं वारला. त्याच्या यंत्राचा खरा बोलबाला त्याच्या पश्चात् झाला.

तो बोलबाला होण्यास टेनिस बरेंच कारणीभूत झालें. मेजर वॉल्टर विंगफील्ड यानें १८७४ सालीं आपल्या खेळाचें पेटंट घेतलें आणि १८७७ त विंबल्डनचे सामने सुरू झाले. चेंडू सरळ उसळावयाचा तर गवत गालिच्यासारखें पाहिजे, आणि तसें गवत यंत्रावांचून राखणें अशक्यच होतें. दरम्यान स्कॉटलंडांतील आर्ब्रोथ गांवच्या अलेक्झांडर शँक्सनें १८४२ च्या सुमारास तट्टानें ओढावयाचें यंत्र काढलें. तट्टाच्या टापांनीं हिरवळ उखडूं नये म्हणून त्याच्या पायांत चामड्याचे बूट घालीत! लीड्सच्या टॉमस ग्रीननें १८५९ त दांतेरी चक्रांच्या जागीं सांखळी घालून यंत्राची खडखड कमी केली. १८९३ सालीं लँकेशायरमधील लेलँडच्या जेम्स सम्नरनें वाफेचें यंत्र केलें. परंतु पाणी तापून वाफ धरीपर्यंत माळ्यास हात बांधून बसावें लागे. अखेर १९०२ सालीं रॅन्सम कंपनीनें पेट्रोलवर चालणारें गवतयंत्र बाजारांत आणलें, आणि १९२१ त बर्मिंगहॅमच्या चार्ल्स पू यांच्या कारखान्यानें अ‍ॅट्को नांवाचें मोटरयंत्र काढून तें सामान्य बागवाल्याच्या आवाक्यांत आणण्याची सुरुवात केली.

हीं सर्व यंत्रें बडिंगच्याच वंशांतलीं, म्हणजे कैचीप्रमाणें कातरणारीं. कैचीस दोन पातीं लागतात, तीं एकमेकांस घासून बसावीं लागतात, आणि मध्यें खडा सांपडला कीं दोहोंचें नुकसान होतें. गवत उंच झालें तर तें पात्यांपुढें वाकून निसटतें. याहून अगदीं निराळी रीत म्हणजे आधाराशिवाय, केवळ वेगाच्या तडाख्यानें गवत तोडणें. लहान मूल छडी फिरवून फुलांचे शेंडे उडवितें तीच ही रीत. सिडनी शहरांतील मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन यानें १९५२ सालीं याच तत्त्वावर, आडव्या निजविलेल्या लहान टू-स्ट्रोक एंजिनाच्या खालीं पातीं फिरवून, एक हलकें यंत्र घरच्या घरीं तयार केलें. पेट्रोलची टांकी म्हणून त्यानें पीच फळांचा रिकामा डबा बसविला होता. त्या यंत्राचें नांव व्हिक्टा. ऑस्ट्रेलियांत त्यास एवढें प्रेम लाभलें कीं २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटन-समारंभांत तीं यंत्रें रंगमंचावर आणलीं गेलीं.

तथापि कातरणारें असो वा तडाख्याचें असो, चाकांवर चालणारें यंत्र झाडाच्या बुंध्याशीं, कुंपणाच्या खालीं, पायऱ्यांच्या कडेला आणि तीव्र उतारावर पोंचत नाहीं. पटांगण अर्ध्या तासांत होई. कडा मात्र गुडघे टेकून कात्रीनेंच कराव्या लागत. सव्वाशें वर्षें यंत्र सुधारत गेलें आणि गुडघे टेकणारा मनुष्य तेथेंच राहिला.

त्याची सुटका अमेरिकेंत, टेक्सस संस्थानांतील ह्यूस्टन शहरीं झाली, आणि ती करणारा मनुष्य नृत्याची शाळा चालवीत होता. जॉर्ज बॅलस हा दुसऱ्या महायुद्धांत आणि पुढें कोरियांत लढलेला सैनिक. त्याच्या घराभोंवतीं झाडें पुष्कळ, आणि त्यांच्या मुळांपाशीं वाढणारें गवत काढतांना पोलादी पात्यानें साल दुखावे. १९७१ सालीं एके दिवशीं तो मोटार धुण्याच्या यंत्रांत आपली गाडी घेऊन बसला असतां, फिरणाऱ्या ब्रशाचे नायलॉनचे केस वेगानें ताठ होऊन गाडीच्या कानाकोपऱ्यांत शिरतात, पण रंगाला ओरखडा काढीत नाहींत, हें त्याच्या ध्यानांत आलें. घरीं येऊन त्यानें लाह्यांचा एक रिकामा डबा घेतला, त्याला भोंकें पाडून त्यांतून मासे धरण्याची दोरी ओवली आणि तो डबा कडा कापण्याच्या एका यंत्रास जोडून फिरविला. गवत उडालें. या उपकरणास त्यानें 'वीड ईटर' म्हणजे तणखाऊ असें नांव दिलें. हत्यारें करणाऱ्या कंपन्यांनीं आरंभीं त्याच्याकडे पाठ फिरविली, तेव्हां त्यानें स्वतःच कारखाना काढला. आणि १९७७ सालीं तो एमर्सन इलेक्ट्रिक या मोठ्या कंपनीस विकला. बॅलस २०११ सालीं वारला. इंग्लंडांत रूढ झालेला स्ट्रिमर हा शब्द मुळांत ब्लॅक अँड डेकर कंपनीचें व्यापारी नांव होय. पण आतां तो जातिवाचकच होऊन बसला आहे.

ज्या नायलॉनवर ही युक्ति उभी आहे तें १९३५ सालीं ड्यू पाँट कंपनींतील वॉलेस कॅरदर्स या रसायनशास्त्रज्ञानें प्रथम तयार केलें. लवचिक दोरीनें गवत कसें तुटतें याचें उत्तर केवळ वेगांत आहे. मिनिटास ७००० फेरे आणि दोरीच्या वर्तुळाचा व्यास ४० सेंटिमीटर धरल्यास तिचें टोंक सेकंदास सुमारें १४५ मीटर, म्हणजे ताशीं ५०० किलोमीटरांहून अधिक वेगानें फिरतें. अशा दोरीचा फटका बसतांच, वाकण्यास सवड मिळण्यापूर्वींच गवत तुटतें. दगड लागला तर दोरी झिजते, यंत्र मोडत नाहीं. आणि झिजलेलें टोंक खालची टोपी जमिनीवर आपटून पुन्हा लांब करून घेतां येतें. वाळून ठिसूळ झालेली दोरी रात्रभर पाण्यांत भिजवून ठेवल्यास पुन्हा चिवट होते, ही गोष्ट जुन्या कारागिरांस ठाऊक असते आणि नव्या गिऱ्हाइकास क्वचितच कोणी सांगतें.

परंतु बॅलसचा मूळ हेतु आठवला म्हणजे एक विपरीत गोष्ट दिसते. झाडाची साल वांचविण्यासाठीं जी दोरी निघाली तीच दोरी कोंवळ्या झाडांचा काळ ठरली आहे. जुन्या वृक्षाची जाड साल तिला दाद देत नाहीं हें खरें. पण दोनतीन वर्षांच्या कलमाची साल एका फेरींत सोलून निघते. पानांत तयार झालेलें अन्न सालीच्या आंतल्या थरांतून मुळांकडे उतरतें. बुंध्याभोंवतीं सालीचें पुरतें कडें निघालें कीं मुळांची उपासमार सुरू होते आणि झाड कांहीं काळानें वाळतें. इतक्या उशिरां, कीं दोष यंत्राकडे न जातां वाळवीकडे अथवा पाण्याकडे जातो. म्हणून नव्या लागवडीच्या बागेंत कोणतेंही यंत्र घेतलें तरी बुंध्याभोंवतालचें हातभर गवत विळ्यानें काढणें किंवा खोडास संरक्षक आवरण घालणें, याला पर्याय नाहीं.

आतां एंजिनाचा प्रश्न. खांद्यावर बाळगावयाचें एंजिन हलकें असलें पाहिजे आणि कसेंही कललें तरी बंद पडतां कामा नये. यांतील पहिली अट बाथ शहरच्या जोसेफ डेनें पुरी केली. १८९१ च्या सुमारास त्यानें व त्याचा कारागीर फ्रेडरिक कॉक यानें असें टू-स्ट्रोक एंजिन सिद्ध केलें कीं त्यांत झडपांची यातायातच उरली नाहीं. पिस्टनच वरखालीं होतांना छिद्रें उघडतो व मिटतो. चालते भाग मोजके, वजन अल्प, आणि प्रत्येक फेऱ्यास एक स्फोट, म्हणून वजनाच्या मानानें शक्ति मोठी. वंगणाचें तेल पेट्रोलांतच मिसळावयाचें असल्यामुळें एंजिन तिरपें झालें तरी कोरडें पडत नाहीं. कललें तरी पेट्रोलचा पुरवठा न तुटणारा पडद्याचा कारबुरेटर आणखी पन्नास-साठ वर्षांनीं साखळी-करवतींच्या निमित्तानें प्रचारांत आला. लांकूडतोड्याच्या करवतीचें एंजिन, कपड्याच्या गिरणीपासून दूर गेलेली कल्पना, आणि मासेवाल्याची दोरी यांचा संगम म्हणजे आजचा पेट्रोलचा स्ट्रिमर.

या एंजिनाचा दोष त्याच्या गुणांतच दडलेला आहे. जळलेला धूर बाहेर ढकलण्याचें काम नव्यानें येणारें मिश्रणच करीत असल्यामुळें त्यांतील बराच भाग न जळतांच धुरांड्यावाटें निघून जातो. शिवाय तेल जळतें तें वेगळेंच. तो निळसर धूर यंत्र चालविणाऱ्याच्या तोंडाशींच उठतो. तेलाचें प्रमाणही काटेकोर राखावें लागतें. पन्नासास एक म्हटलें तर लिटरास २० मिलिलिटर, पंचवीसास एक म्हटलें तर ४०. कोणतें, तें यंत्राच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. मिश्रणाच्या डब्याऐवजीं नुसत्या पेट्रोलचा डबा हातीं आला तर पिस्टन आवळून एंजिन घडीभरांत निकामी होतें. फोर-स्ट्रोक एंजिनांत ही भानगड नाहीं. १९९७ सालीं होंडा कंपनीनें कोणत्याही बाजूस कललें तरी चालणारें लहान फोर-स्ट्रोक एंजिन आणलें, तेव्हांपासून हा पर्याय खरोखर हातीं आला. धूर कमी, आवाज खालच्या पट्टींतला, पेट्रोलही कमी लागतें. उलटपक्षीं वजन व किंमत थोडी अधिक, आणि तेलाची पातळी पाहण्याची शिस्त हवी. जेथें एकच जबाबदार मनुष्य यंत्र वापरणार आहे तेथें फोर-स्ट्रोक सरस, यांत शंका वाटत नाहीं. जेथें तें चार हातांत फिरणार, तेथें कोणती चूक अधिक संभवते, तेल मिसळण्याची कीं तेल पाहण्याची, हें ज्याचें त्यानें ओळखावें.

कोंकणच्या बागेंत हें यंत्र आलें तें इंग्रजी हिरवळीची हौस म्हणून नव्हे. तेथें पावसांत गवताबरोबर टाकळा माजतो, रानमोडी डोक्यावर जाते. आणि दसऱ्यानंतर हें सारें वाळलें कीं वणव्यास आयतें जळण होतें. एका ठिणगीनें पंधरा-वीस वर्षांचीं कलमें करपतात. म्हणून दिवाळीच्या आंतबाहेर बाग 'साफ' झालीच पाहिजे, हा तेथील नियम. पूर्वीं हें काम विळ्यानें होई आणि त्यांत बायांचा भरणा मोठा असे. विळाही स्थिर राहिला नाहीं. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें दांतेरी धारेचा 'वैभव विळा' काढला आणि तो शेतकऱ्यांत रुळला. पण कामास माणसें मिळेनाशीं झालीं तसतसें यंत्र बागेंत शिरलें, आणि बायांच्या ओळीच्या जागीं पट्टा अडकविलेला एक पुरुष दिसूं लागला.

या बागेंत दोरी कीं पातें या प्रश्नाचें उत्तर इंग्लंडांतल्यासारखें येत नाहीं. दोरी गवताचा चुरा करते. तो खत होतो, गुरांच्या मुखीं लागत नाहीं. वैरणीसाठीं गवत हवें असेल तर दोनतीन दांतांचें पोलादी पातेंच पाहिजे, म्हणजे काडी अखंड राहून एका बाजूस पडत जाते. रानमोडीसारख्या जून खोडांस दोरी पुरी पडत नाहीं. त्यांना पुष्कळ दांतांचें गोल पातें लागतें. आणि पात्यासाठीं दांडा सरळ व त्याच्या टोंकास दांतेरी चक्रांची पेटी असावी लागते. वांकड्या दांड्याचें हलकें यंत्र बंगल्याच्या अंगणापुरतें ठीक. अंगणास २५-३० सी.सी. चें एंजिन पुरतें, बागेस ३५ सी.सी. च्या पुढचें लागतें. उलट कातळाच्या जमिनीवर, जेथें गवतांत जांभ्याचे तुकडे दडलेले असतात, तेथें पातें धोक्याचें आहे. दगडास लागून तें झटक्यानें उसळतें, दांत तुटला तर गोळीसारखा सुटतो. तेथें जाड दोरी बरी; पण खडे दोरीनेंही उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा अथवा तोंडावर जाळी, पायांत जाड बूट, आणि पन्नास फुटांच्या आंत दुसरें माणूस नाहीं, या गोष्टी दोन्हींकडे सारख्याच. दोरीच्या झिजेचे प्लास्टिकचे बारीक कण मातींत राहतात, हेंही विसरूं नये.

यंत्राच्या आवाजाविषयीं तक्रार सर्वजण करतात, कारण तो लांबवर ऐकूं येतो. कंप मात्र ज्याच्या हातीं यंत्र असतें त्यालाच कळतो. १९१८ सालीं अमेरिकेंतील डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनीं इंडियाना संस्थानांत बेडफर्ड येथील चुनखडीच्या खाणींतील पाथरवट तपासले. हवेच्या दाबावर चालणारे हातोडे धरणाऱ्या या लोकांचीं बोटें थंडींत पांढरीफटक पडत आणि बधिर होत. १९६० च्या दशकांत साखळी-करवत चालविणाऱ्या जंगलकामगारांत हेंच दुखणें आढळलें, आणि त्यानंतर एंजिन व मुठी यांच्यामध्यें रबर अथवा स्प्रिंगा घालण्याची प्रथा पडली. युरोपांत २००२ सालच्या निर्देशानें यास माप लावलें. आठ तासांच्या कामाचा हिशेब धरून हातास बसणारा कंप २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीस पोंचला कीं मालकानें उपाय योजावे, आणि ५ च्या पलीकडे तो जातां कामा नये, असा तो नियम आहे. चांगल्या यंत्राच्या पुस्तिकेंत हा आंकडा दोन्ही मुठींसाठीं छापलेला असतो. दुकानांत सी.सी. सर्व विचारतात, किंमत सर्व विचारतात. हा आंकडा विचारणारा विरळा.

पेट्रोलचीं हीं लहान एंजिनें आतां कोठें कोठें मागें हटूं लागलीं आहेत. कॅलिफोर्नियानें २०२१ सालीं कायदा करून, १ जानेवारी २०२४ पासून तयार होणाऱ्या अशा बहुतेक नव्या एंजिनांस शून्य-धुराची अट घातली. पेट्रोलनें चालणारें पाचोळा उडविण्याचें यंत्र तासभर चालविलें तर मोटारीनें सुमारें ११०० मैल गेल्याइतकी हवा बिघडते, असा तेथील हवा-मंडळाचा हिशेब होता. बॅटरीचीं यंत्रें अंगणास आजच पुरीं पडतात. परंतु डोंगर-उताराच्या बागेंत, वीज घरापाशींच संपते आणि काम दिवसभराचें असतें. तेथें पेट्रोल अद्याप टिकून आहे. अशा उतारावर एंजिन पाठीवर घेऊन लवचिक नळीनें दांडा फिरविण्याचा प्रकार कित्येकांस सोईचा वाटतो, कारण तोल सुटत नाहीं. मात्र त्यांत एंजिनाची उष्णता पाठीस लागते, आणि पाय घसरल्यास यंत्र झटकन् उतरवितां येत नाहीं.

राहतां राहिला पट्टा. दुकानांत तो यंत्राबरोबर गुंडाळून देतात आणि त्याकडे कोणी पाहत नाहीं. वस्तुतः सात-आठ किलोचें ओझें दोन्ही खांद्यांवर वांटून कमरेवर उतरविणारा जोडपट्टा आणि एका खांद्यावर लोंबकळणारी साधी पट्टी यांतील फरक तिसऱ्या तासाला समजतो. यंत्र अडकविण्याची कडी चालविणाऱ्याच्या कमरेच्या किंचित् खालीं यावी, आणि हात सैल सोडले तरी पातें जमिनीशीं समांतर तरंगत राहावें, असें त्याचें माप आहे. हें माप उंचीप्रमाणें बदलतें. जो बागाईतदार दुकानीं जातांना आपल्या गड्यास बरोबर नेतो, त्याला तेथेंच तो पट्टा गड्याच्या अंगावर चढवून, कडी खालींवर करून आणि एंजिन सुरू ठेवून दहा मिनिटें मुठी धरावयास लावून पाहतां येतें. ओझें कोठें बोंचतें आणि बोटांना मुंग्या येतात कीं काय, हें गडी त्या वेळीं सांगूं शकतो.